उझबेक शिकताना आधी मालकी, मग विभक्ती

भारतातून बरेच विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी ताश्कंद, समरकंद, बुखारा इथे जातात. वर्गात इंग्रजीवर भागतं, पण वॉर्डात खाटेवरची आजी तिच्याच भाषेत सांगणार, कुठे दुखतंय ते. हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे, आणि मध्य आशियाची एखादी भाषा हौसेने शिकू पाहणाऱ्या कोणासाठीही.

उझबेक ही तुर्की कुळातली भाषा. तिच्यात नामाला एकामागून एक प्रत्यय लागतात आणि सगळा कारभार तेच चालवतात. शिकवायला बसलं की पहिल्याच दिवशी 6 विभक्त्यांचा तक्ता समोर येतो. शाळेत ‘स, ला, ते’ घोकलेल्या मराठी माणसाला तो ओळखीचा वाटतो. प्रत्येक उझबेक प्रत्ययापुढे एकेक मराठी प्रत्यय लिहून तो मोकळा होतो, आणि पुढे वाक्य करताना अडतो. माझं म्हणणं असं की तो तक्ता थोडे दिवस बाजूला ठेवावा. आधी मालकीचे प्रत्यय तोंडात बसवावेत, विभक्ती त्यानंतर. या भाषेत जागा सांगणं, ‘माझ्याकडे आहे-नाही’ म्हणणं, रस्त्यांची नावं वाचणं, सगळं मालकीच्या प्रत्ययांवर उभं आहे.

अक्षरांबद्दल थोडं

उझबेकिस्तानात लॅटिन लिपीचा कायदा 1993 साली झाला, तरी जुनी सिरिलिक लिपी पाट्यांवर आणि पुस्तकांत अजून दिसते. इथे मी सगळं देवनागरीत लिहितो आहे. मराठीची देवनागरी या भाषेला छान बसते, कारण ‘ऑ’ आणि ‘ओ’ आपण वेगळे लिहितो आणि उझबेकमध्ये नेमका त्याच फरकाने अर्थ बदलतो: ‘ऑत’ म्हणजे घोडा, ‘ओत’ म्हणजे विस्तव. आकाराची मात्रा आखूड म्हणा, किंचित ‘ॲ’कडे झुकलेली. ‘झ’ झऱ्यातला. क़, ग़, ख़ हे घशातून. शब्दाच्या शेवटचा इकार मुद्दाम ऱ्हस्व ठेवला आहे. ‘निंग’, ‘इंग’ यांतला ग वेगळा फुटत नाही, नाकातच विरतो.

तुर्कस्तानची तुर्की शिकू लागलेल्यांना ठाऊक असेल की तिथे एकच ‘माझा’ प्रत्यय आधीच्या स्वराप्रमाणे चार रूपं घेतो. प्रमाण उझबेकमध्ये ही कटकट नाही. म्हणून तुर्की कुळात पाऊल टाकायचं तर मी उझबेकपासून सुरुवात करायला सांगेन.

पायरी 1: ‘माझं’ हे पुस्तकाला चिकटवा

मराठीत ‘माझं पुस्तक’ म्हणताना पुस्तक आहे तसंच राहतं. उझबेकमध्ये खूण पुस्तकावर येते. कितॉब म्हणजे पुस्तक, हे सांगायला नको.

कितॉबिम – माझं पुस्तक
कितॉबिंग – तुझं पुस्तक
कितॉबि – त्याचं, तिचं पुस्तक
कितॉबिमिझ – आमचं, आपलं पुस्तक
कितॉबिंगिझ – तुमचं पुस्तक

‘त्यांचं’साठी बहुधा ‘कितॉबि’च चालतं. ‘कितॉबलारि’ असंही म्हणतात, पण त्याचा अर्थ ‘त्याची पुस्तकं’ असाही होतो, कारण ‘लार’ हा अनेकवचनाचा प्रत्यय आहे. संदर्भाने कळतं.

शब्द स्वराने संपत असेल तर प्रत्ययातला इ गळतो. आका म्हणजे मोठा भाऊ: आकाम, आकांग, आकामिझ, आकांगिझ. फक्त ‘त्याचा, तिचा’ला ‘सि’ लागतो: आकासि. हे ‘इ’ आणि ‘सि’ सगळ्यात जास्त वेळा भेटणार आहेत, तेव्हा त्यांना पक्कं ओळखून ठेवा.

लिंगाची भानगड नाही. तो, ती, ते सगळ्यांना एकच ‘उ’. ‘चा-ची-चे’ची जुळवाजुळव करत वाढलेल्या आपल्याला ही मोठीच सुटका. आदर मात्र आपल्यासारखाच आहे. ‘इस्मिंग निमा?’ म्हणजे ‘तुझं नाव काय?’, आणि ‘इस्मिंगिझ निमा?’ म्हणजे ‘आपलं नाव काय?’. अनोळखी मोठ्या माणसाशी नेहमी ‘इंगिझ’. वडिलांना ‘दादा’ म्हणतात, आणि आदराने ‘दादामलार केल्दिलार’ म्हणजे ‘बाबा आले’. ‘माझे’चा ‘म’, त्यावर आदराचं अनेकवचन, क्रियापदही अनेकवचनी. आदरार्थी बहुवचन समजावून सांगावं लागत नाही असे विद्यार्थी थोडेच असतात, मराठी विद्यार्थी त्यातले.

हा ‘म’ आपल्याकडे फार पूर्वीच येऊन गेला आहे. ‘बेगम’मध्ये बेग अधिक ‘माझा’, ‘खानम’मध्ये खान अधिक ‘माझा’. आजच्या उझबेकमध्ये ‘ख़ॉनिम’ हा बाईंना आदराने हाक मारायचा शब्द आहे.

पायरी 2: शरीराचे अवयव, म्हणजे सगळे अपवाद एकाच जागी

वॉर्डातला पहिला प्रश्न असा असतो: ‘क़ायेरिंगिझ ऑग़रियाप्ति?’ शब्दशः ‘तुमचं कुठे दुखतंय?’. ‘क़ायेर’ म्हणजे ‘कोणती जागा’, आणि त्यालाच ‘इंगिझ’ लावलं आहे. उत्तर येतं ‘बॉशिम ऑग़रियाप्ति’, माझं डोकं दुखतंय. ‘तिशिम’, माझा दात. ‘बेलिम’, माझी कंबर. इथवर सरळ आहे.

आता युराक, म्हणजे हृदय. ‘माझं हृदय’ युराकिम होत नाही, युरागिम होतं. मूत्रपिंड बुयराक, त्याचं बुयरागिम. नियम असा की एकाहून जास्त अक्षरांचा शब्द ‘क’ने संपला आणि पुढे स्वर आला की क चा ग होतो. ‘क़’ने संपला तर ‘ग़’: क़ुलॉक़ (कान) – क़ुलॉग़िम, ऑयॉक़ (पाय) – ऑयॉग़िम, तॉमॉक़ (घसा) – तॉमॉग़िम. अरबीतून आलेले काही शब्द याला दाद देत नाहीत. हुक़ूक़, म्हणजे हक्क, ‘हुक़ूक़ि’च राहतो.

दुसरा बदल म्हणजे मधला स्वर गळणं. बुरुन (नाक) – बुर्निम. क़ॉरिन (पोट) – क़ॉर्निम. बोयिन (मान) – बोय्निम. ऑग़िझ (तोंड) – ऑग़्झिम. नात्यांतही असेच दोन शब्द आहेत: ओग़िल (मुलगा) – ओग़्लिम, सिंगिल (धाकटी बहीण) – सिंग्लिम. आपण ‘चटणी’चं ‘चटण्या’ म्हणतो तसे हे बदल जिभेच्या सोयीसाठी आहेत. त्यामुळे यादी पाठ करण्यापेक्षा ‘ऑग़रियाप्ति’ जोडून मोठ्याने म्हणा: क़ॉर्निम ऑग़रियाप्ति, तॉमॉग़िम ऑग़रियाप्ति. आठवडाभर रोज स्वतःच्या अंगावर बोट ठेवून म्हटलं तरी बसतं.

एक दिलासा असा की हे बदल स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्ययापुढेच होतात. विभक्तीचे सगळे प्रत्यय व्यंजनाने सुरू होतात, म्हणून त्यांच्यापुढे मूळ शब्द सहसा जागचा हलत नाही. ‘घोडा – घोड्याला’ असं आपलं सामान्यरूप उझबेकमध्ये नाहीच.

पायरी 3: आहे आणि नाही

‘बॉर’ म्हणजे आहे, ‘योक़’ म्हणजे नाही. मालकीचं रूप घ्यायचं आणि यातलं एक पुढे ठेवायचं. सिंग्लिम बॉर: मला धाकटी बहीण आहे. वाक़्तिम योक़: मला वेळ नाही. पुलिम योक़: माझ्याकडे पैसे नाहीत. (‘पुल’ म्हणजे पैसे, नदीवरचा पूल नव्हे.) मराठीत कधी ‘मला’, कधी ‘माझ्याकडे’, कधी ‘माझा’ असं म्हणतो. इथे बहुतेक वेळा एकच साचा चालतो.

एखादी गोष्ट फक्त आत्ता जवळ असल्याचं सांगायचं तर ‘मेन्दा’ म्हणतात. ‘मेन्दा कितॉब बॉर’ म्हणजे पुस्तक माझ्यापाशी आहे, मग ते कोणाचं का असेना.

पायरी 4: दोन नामं जोडताना दोन्हींवर खूण

मराठीत ‘आईचं घर’ म्हणताना खूण फक्त आईवर येते. उझबेकमध्ये ती दोन्हींवर लागते: ऑनामनिंग उयि. ऑना (आई), म (माझी), निंग (चं); उय (घर), इ (तिचं). शब्दशः ‘माझ्या आईचं तिचं-घर’. ‘माझं पुस्तक’ जोर देऊन म्हणायचं झालं तरी असंच: मेनिंग कितॉबिम. ‘मेन’ला ‘निंग’ लागताना एक न गळतो. मराठी डोक्याला ‘मेनिंग कितॉब’ पुरेसं वाटतं, पण त्यांच्या कानाला ते अर्धवट लागतं.

आता ‘निंग’ काढून टाका आणि दुसरी खूण तशीच ठेवा. मग विशिष्ट मालकी जाते आणि एक प्रकार, एक नाव तयार होतं. ‘सामार्क़ान्द नॉनि’ म्हणजे समरकंदी रोटी, त्या शहराच्या नावाने ओळखली जाणारी. ‘ओझबेक तिलि’ म्हणजे उझबेक भाषा; ‘तिल’ म्हणजे जीभ आणि भाषा दोन्ही. ‘तॉश्केन्त शाह्रि’ म्हणजे ताश्कंद शहर. ‘शाहार’मधला दुसरा आ गळला.

शहरात फिरताना हा साचा जागोजागी दिसतो. ताश्कंदची मेट्रो 1977 साली सुरू झाली. तिचं एक स्टेशन आहे ‘मुस्ताक़िल्लिक मायदॉनि’, स्वातंत्र्य मैदान. दुसरं ‘आमिर तेमुर ख़ियॉबॉनि’, अमीर तैमूरच्या नावाची बाग. ‘ख़ाल्क़लार दोस्त्लिगि सारॉयि’ नावाचं भव्य सभागृह आहे. ख़ाल्क़लार (राष्ट्रांतले लोक), दोस्त्लिक (मैत्री) अधिक इ, सारॉय (महाल) अधिक इ: लोकांच्या मैत्रीचा महाल. ‘दोस्त्लिक’चा क इथे ग झाला, तोच युराकचा नियम.

लालबहादूर शास्त्रींचं निधन 11 जानेवारी 1966 रोजी ताश्कंदमध्येच झालं, आदल्या दिवशी करारावर सही करून. त्यांच्या नावाचा रस्ता तिथे आहे: ‘शास्त्रि कोचासि’. कोचा म्हणजे रस्ता, आपल्या ‘गल्लीकूचा’तला कूचा, आणि स्वरानंतर आला म्हणून ‘सि’. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘शास्त्रि कोचा’ म्हणालात तरी तो नेईल, पण ‘कोचासि’ म्हणा.

पायरी 5: आता विभक्ती, आणि ‘ला’चे दोन तुकडे

मूळ रूपाला प्रत्यय नाही आणि ‘निंग’ झाला. उरले चार: नि, गा, दा, दान.

‘दा’ म्हणजे मध्ये, त, वर. तॉश्केन्तदा, ताश्कंदमध्ये. वेळेलाही तोच: सॉआत बेशदा, पाच वाजता. वाहनालाही: आव्तॉबुसदा केल्दिम, बसने आलो. इथे आपला ‘ने’ लावायचा मोह आवरा. हत्याराला मात्र ‘बिलान’ हा सुटा शब्द येतो: पिचॉक़ बिलान, सुरीने.

‘दान’ म्हणजे हून, पासून, तून. तुलनेलाही तोच चालतो: तॉश्केन्त सामार्क़ान्ददान कात्ता, ताश्कंद समरकंदहून मोठं. आपला ‘हून’ हीच दोन्ही कामं करतो, तेव्हा हे फुकटात मिळालं.

खरी मेहनत ‘नि’ आणि ‘गा’ यांच्यावर घ्यायची. मराठीत ‘त्याला पाहिलं’ आणि ‘त्याला पुस्तक दिलं’, दोन्हीकडे ‘ला’. उझबेकमध्ये पहिला ‘उनि कोर्दिम’ आणि दुसरा ‘उन्गा कितॉब बेर्दिम’. ज्याच्यावर क्रिया झाली त्याला नि, ज्याच्याकडे गेली त्याला गा. जायचं ठिकाणही ‘गा’ घेतं: तॉश्केन्तगा. आणि ‘मला आवडतं’, ‘मला पाहिजे’ हे आपले लाडके साचे तिथे जसेच्या तसे आहेत: मेन्गा यॉक़ादि, मेन्गा केराक. ‘मेन्गा चॉय केराक’ म्हणजे मला चहा पाहिजे. शब्द क ने संपला तर ‘गा’चा ‘का’ होतो, क़ ने संपला तर ‘क़ा’: क़िश्लॉक़्क़ा, खेड्याला.

‘नि’बद्दल दोन गोष्टी नीट समजून घ्या. मराठीत ‘ला’ लागतो तो सजीवाला: मुलाला पाहिलं, पण पुस्तक पाहिलं. उझबेकला सजीव-निर्जीवाशी देणंघेणं नाही, ती गोष्ट ठरलेली आहे की नाही एवढंच पाहते. पेशंटला ‘दॉरि इच्दिंगिझमि?’ विचारलं तर अर्थ ‘काही औषध घेतलंत का?’. ‘दॉरिनि इच्दिंगिझमि?’ म्हणजे ‘ते औषध, दिलेलं, घेतलंत का?’. एका ‘नि’ने प्रश्न बदलतो, आणि दवाखान्यात हा फरक महत्त्वाचा आहे. ज्याला मालकीचा प्रत्यय लागला ती गोष्ट ठरलेलीच असते, म्हणून कर्माच्या जागी तिच्यापुढे ‘नि’ ठेवायचाच: ओझबेक तिलिनि ओर्गानयाप्मान, मी उझबेक भाषा शिकतो आहे. माणसांची नावं आणि सर्वनामंही कर्म झाली की ‘नि’ घेतात.

दुसरी गोष्ट. बोलताना आपण सर्रास ‘रामनी पुस्तक वाचलं’ म्हणतो. तो ‘नी’ कर्त्याचा. उझबेक ‘नि’ कर्माचा. ‘आलिनि कोर्दिम’ म्हणजे अलीला पाहिलं, ‘अलीनी पाहिलं’ नव्हे. भूतकाळात कर्ता उघडाच राहतो: उ कितॉबनि ओक़िदि, त्याने पुस्तक वाचलं. ‘त्याने’मधल्या ‘ने’ला तिथे जागा नाही, आणि क्रियापद नेहमी कर्त्याप्रमाणे चालतं. हा भाग कान बदलेपर्यंत त्रास देतो, थोडा धीर धरा.

काही क्रियापदं आपल्या अंदाजाबाहेरची विभक्ती मागतात. शिक्षकांना विचारलं: ओक़ितुव्चिदान सोरादिम, म्हणजे ‘शिक्षकांपासून’. कुत्र्याला भितो: इतदान क़ोर्क़ामान. तुझी वाट बघतो: सेनि कुतामान. माझ्याकडे बघा: मेन्गा क़ारांग. म्हणून वहीत क्रियापद एकटं कधी लिहू नका, ‘-दान सोरामॉक़’, ‘-नि कुतमॉक़’ असं प्रत्ययासकट लिहा.

पायरी 6: क्रम मोडायचा नाही

आधी अनेकवचन, मग मालकी, शेवटी विभक्ती. कितॉब-लार-इम-दा, कितॉबलारिमदा: माझ्या पुस्तकांमध्ये. ‘दादामलार’मधला आदराचा ‘लार’ मालकीनंतर येतो, तो सोडला तर हा क्रम उलटत नाही. संख्या सांगितली की ‘लार’ गळतो: बेश्ता कितॉब, पाच पुस्तकं.

आता एक पूर्ण वाक्य घेऊ. ‘बु चॉयनाकनि दोस्तिमनिंग आकासिनिंग दोकॉनिदान ऑल्दिम.’ मागून सोडवा. ऑल्दिम: घेतली. दोकॉन-इ-दान: त्याच्या दुकानातून. कोणाच्या? आका-सि-निंग: त्याच्या मोठ्या भावाच्या. कोणाचा भाऊ? दोस्त-इम-निंग: माझ्या मित्राचा. काय घेतलं? बु चॉयनाक-नि: ही चहाची किटली. सगळं मिळून ‘ही किटली मी माझ्या मित्राच्या मोठ्या भावाच्या दुकानातून घेतली’. प्रत्येक ‘निंग’ला पुढच्या नामावर एक ‘इ’ किंवा ‘सि’ मिळाला आहे, हे पाहून घ्या. तुर्की येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तिथे मालकीचा ‘इ’ आणि विभक्ती यांच्यामध्ये एक ‘न’ येतो, उझबेकमध्ये येत नाही: दोकॉनिदा, सरळ.

मागे, पुढे, आत, बाजूला हे शब्दही याच साच्यात बसतात, कारण उझबेकमध्ये ती नामंच आहेत. ऑर्क़ा म्हणजे पाठ. ऑर्क़ामदा: माझ्या मागे. ऑर्क़ांगदा: तुझ्या मागे. शिफॉख़ॉनानिंग ऑर्क़ासिदा: दवाखान्याच्या मागे. तसंच यॉनिमदा (माझ्या बाजूला), इचिदा (त्याच्या आत), उस्तिदा (त्याच्या वर). पहिल्या पायरीतला मालकीचा प्रत्यय इथे हाताशी हवाच.

दोन छोटे प्रत्यय आणखी, रोजच्या उपयोगाचे. ‘दागि’ म्हणजे तला, मधला, वरचा: सामार्क़ान्ददागि दोस्तिम, समरकंदमधला माझा मित्र. ‘निकि’ वस्तूचं नाव न घेता मालकी सांगतो: बु किमनिकि? हे कोणाचं? मेनिकि. माझं.

आणि ऐकण्याबद्दल एक. ताश्कंदच्या रोजच्या बोलण्यात ‘निंग’चाही पुष्कळदा ‘नि’च होतो, ‘मेनि कितॉबिम’ असं कानावर येतं. मग हा ‘नि’ कर्माचा की षष्ठीचा? पुढच्या शब्दाची शेपटी ऐका. तिथे इम, इंग, इ, सि यांपैकी काही असेल आणि ते ‘नि’शी जुळत असेल, तर तो ‘चा-ची-चे’ आहे. ‘मेनि’ नंतर थेट क्रियापद आलं, जसं ‘मेनि कोर्दि’, तर ‘मला पाहिलं’.